धिप्पाड रायडर, बारामतीची आरएस ४५७ आणि करीचा ट्रॅक

एप्रिलिया या इटालियन कंपनीच्या आरएस ४५७ या स्पोर्ट बाइकचे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की गाडी कशी आखली गेली ते कळतं. ताकद ३५ किलोवॉट, म्हणजे ४७.६ पीएस (अश्वशक्ती). पेट्रोल-ऑइल भरून वजन १७५ किलो. युरोपातल्या ए-टू, म्हणजे मधल्या ताकदीच्या मोटरसायकलींच्या, परवान्याची अट अशी आहे की गाडीची ताकद ३५ किलोवॉटच्या वर जाता कामा नये आणि किलोमागे ०.२ किलोवॉटपेक्षा जास्त भरता कामा नये. ३५ ला १७५ ने भागा, उत्तर बरोबर ०.२ येतं. इतक्या काटेकोर हिशोबाची ही गाडी आपल्या बारामतीत तयार होते. डिसेंबर २०२३ मध्ये गोव्यात इंडिया बाइक वीक या मेळाव्यात तिची किंमत जाहीर झाली तेव्हा एक्स-शोरूम ४ लाख १० हजार होती.

या भागाकारात रायडर मात्र कुठेच नाही. परवाना देणाऱ्याला त्याची गरज नसते. ट्रॅकवर पहिल्याच कॉर्नरला ती भासते, आणि रायडर जितका मोठा तितकी जास्त.

ज्याची ही गोष्ट आहे तो माझा मित्र फलटणचा. गाडी जिथे बनली तिथून हाकेच्या अंतरावरचा, म्हणून गाडी घेतल्यावर त्याला उगीचच आपलेपणा वाटायचा. उंची सहा फूट दोन इंच, म्हणजे १८८ सेंटीमीटर. लेदर सूट, बूट, हेल्मेट, बॅक प्रोटेक्टर असं सगळं चढवून काट्यावर उभा राहिला की १०८ किलो. मी त्याच्यापुढे अगदीच किरकोळ, या सगळ्या पोशाखासकट, म्हणजे गिअरसकट, ७०. त्याच गाडीवर, त्याच दिवशी, त्याच ट्रॅकवर आम्ही दोघे आलटून पालटून बसलो, म्हणून हे प्रकरण लिहिण्यासारखं झालं. एकाच गाडीबद्दल दोन माणसं इतकं वेगळं सांगतील असं मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी एकाला खोटं ठरवलं असतं.

ट्रॅक होता कोइमतूरजवळ चेट्टिपाळयमचा करी मोटर स्पीडवे. एस. करिवर्धन यांच्या नावाचा, २.१ किलोमीटर लांबीचा, सपाट आणि आखूड. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे, नोएडाजवळचा बुद्ध सर्किट पाच किलोमीटरच्या वर. करीवर लांब सरळ रस्ता फारसा नाही, दम घ्यायलाही फारशी जागा नाही. एका कॉर्नरमधून सुटलात की दुसरा अंगावर येतो. मोठ्या रायडरच्या दृष्टीने हे एका अर्थी बरं, कारण इथे इंजिनापेक्षा गाडी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर किती पटकन जाते याला महत्त्व असतं. आणि दुसऱ्या अर्थी वाईट, कारण नेमकं तेच करायला त्याला जमत नव्हतं.

पहिल्या सेशननंतर तो पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, आला आणि हेल्मेट काढायच्या आधी म्हणाला, "गाडी बाहेर पळतीय. थ्रॉटल दिला की लाइन सोडतीय." लाइन म्हणजे कॉर्नरमधून जायची ठरलेली वाट. मग मांडी चोळत, "आणि गुडघा मध्येच येतोय रे. पाय कुठं ठेवू तेच कळंना." तिसरी तक्रार मनगटांची. ब्रेक मारताना सगळा भार हातावर येतोय, पाच-सहा लॅपनंतर बोटं बधिर होतायत.

पिटमध्ये सल्ले फुकट मिळतात. एकाने सांगितलं टायर बदल. दुसऱ्याने एक्झॉस्ट आणि ईसीयूचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा, मॅप सुचवला, कारण "एवढ्या वजनाला एवढं इंजिन पुरणार नाही." तिसऱ्याचं म्हणणं होतं की त्याने सरळ लिटर-क्लासची, म्हणजे हजार सीसीच्या घरातली, बाइक घ्यावी. धिप्पाड माणसाला सगळे ताकदच विकायला बघतात. म्हणून आधी त्या ताकदीचा हिशोब मांडतो.

माझ्यासह गाडी भरते २४५ किलो, त्याच्यासह २८३. म्हणजे साडेपंधरा टक्के जास्त. टनामागे पीएस काढले तर माझ्याखाली १९४ आणि त्याच्याखाली १६८. आता मलाच इतर गाड्यांवर बसवून बघू. केटीएम आरसी ३९०, ४३.५ पीएस आणि १७२ किलो: माझ्यासह टनामागे १८०. टीव्हीएस अपाचे आरआर ३१०, २०२४ ची ३८ पीएसची, १७४ किलो: १५६. याचा अर्थ आमच्या फलटणकराच्या बुडाखाली ही एप्रिलिया एखाद्या सडपातळ माणसाच्या आरसी ३९० पेक्षा जरा मंद आणि आरआर ३१० पेक्षा चांगलीच चपळ वागते. आरआर ३१० वर करीवर मजा येत नाही असं कुणीही म्हणणार नाही. शिवाय ४५७ सीसीचं हे इंजिन दोन सिलिंडरचं, आणि ४३.५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे खेचायचा जोर, ६७०० आरपीएमला मिळतो. शेवटच्या आरपीएमपर्यंत पिळत बसावं लागत नाही. वजनदार माणसाला कॉर्नरमधून बाहेर काढायला हीच गोष्ट कामाला येते. तेव्हा एक्झॉस्टचे पैसे खिशातच राहू द्यावेत असं मी सांगितलं. त्याला ते फारसं आवडलं नाही. आवाजाचा मोह वेगळा असतो.

मग अडचण कुठे? मला सुरुवातीला ती सस्पेन्शनमध्ये दिसत होती, आणि ती तिथे होतीही. पण खरं मूळ त्याच्या गुडघ्यात निघालं.

गाडी कॉर्नरमध्ये किती झुकणार हे वजनावर अवलंबून नसतं. ३० मीटर त्रिज्येचा कॉर्नर ताशी ६० किलोमीटरने घेतलात तर गाडी आणि रायडर मिळून सुमारे ४३ अंश झुकावंच लागतं, रायडर ५० किलोचा असो की १५०. या गणितातून सुटायची एकच वाट आहे, अंग आतल्या बाजूला काढणं. रायडर जितका आत लटकेल तितकी गाडी कमी झुकून तोच कॉर्नर तोच वेग ठेवून घेते.

इथे वजनदार माणसाचं पारडं चक्क जड आहे. चालत्या वस्तुमानात माझा वाटा २९ टक्के, त्याचा ३८ टक्के. आम्ही दोघांनी अंग सारखंच १५ सेंटीमीटर आत काढलं तर माझ्यामुळे एकूण गुरुत्वमध्य ४.३ सेंटीमीटर सरकतो, त्याच्यामुळे ५.७. गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ६० सेंटीमीटरवर धरला तर माझी गाडी चारेक अंश कमी झुकते, त्याची साडेपाचच्या आसपास. सव्वा अंशाचा फायदा त्याला फुकट. फूटपेग, म्हणजे पाय ठेवायचे दांडे, जमिनीला घासायच्या बेतात असताना सव्वा अंश म्हणजे मोठी चैन.

पण अट आहे की त्याला अंग आत काढता आलं पाहिजे. आणि ते येत नव्हतं.

आरएस ४५७ ची सीट ८०० मिमी उंच आहे. शोरूममध्ये बसल्यावर सगळ्यांचे पाय टेकतात, सगळे खूश होतात. ट्रॅकवर जमिनीपर्यंतच्या अंतराला कोण विचारतो! तिथे महत्त्वाचं असतं ते सीट ते फूटपेग हे अंतर, आणि सीट खाली आली की तेच आखडतं. लांब पायाच्या माणसाचा गुडघा इतका दुमडतो की मांडी टाकीच्या खोबणीत बसण्याऐवजी तिच्या वरच्या कडेवर जाते. मग टाकी पायांनी आवळता येत नाही. टाकी आवळता आली नाही की ब्रेक मारताना अंग पुढे घसरतं आणि सगळा भार मनगटांवर जातो. मनगटांवर भार आला की हात ताठ होतात. ताठ हातांनी हँडल धरलं की गाडी वळायला कुरकुरते. आणि कॉर्नरमध्ये बाहेरचा पाय टाकीत रुतलेला नसेल तर आत लटकायला आधारच उरत नाही, माणूस हँडलला लोंबकळतो. त्याच्या तीन तक्रारींपैकी दोन इथूनच निघत होत्या आणि तिसरीलाही यांनीच खतपाणी घातलं होतं.

मी पिट वॉलवरून त्याला बघत होतो तेव्हा हे स्पष्ट दिसत होतं. खांदे आत, कंबर मात्र सीटच्या मधोमध. वरचं अंग एकीकडे आणि खालचं दुसरीकडे. दिसायला मोठा लीन, म्हणजे झुकाव, प्रत्यक्षात फायदा जवळपास शून्य. उलट त्याचा ११ नंबरचा बूट फूटपेगच्या खाली लोंबत होता आणि उजव्या हाताच्या एका कॉर्नरला चवड्याची कड घासत होती. पेगवर तळपायाचा मधला भाग टेकवला की असंच होणार. ट्रॅकवर चवडा पेगवर हवा, टाच गाडीच्या अंगाला चिकटलेली.

उपाय दोन बाजूंनी करता येतो. एक म्हणजे पेग खाली आणि मागे नेणं. बाजारात मिळणारे बहुतेक रेसिंग रिअरसेट, म्हणजे पेगचे बदली संच, पेग वर आणि मागे नेतात, कारण ते बारीक, चपळ रायडरची क्लिअरन्स, म्हणजे झुकल्यावर पेग आणि जमिनीत उरणारं अंतर, वाढवायला बनवलेले असतात. टीव्हीएसच्या बिल्ट टू ऑर्डर योजनेत, म्हणजे गिऱ्हाइकाच्या पसंतीने गाडी बनवून देण्याच्या योजनेत, २०२१ मध्ये आलेला रेस किटही पेग वरच उचलायचा. उंच माणसाने हौसेने रिअरसेट लावले की गुडघ्याचा जाच वाढतो, आणि पैसे खर्च केल्यामुळे ते कबूलही करवत नाही. पेग खाली नेले तर गुडघा सुखावतो पण पेग लवकर घासतात. वजनामुळे आधीच गाडी खाली बसलेली असताना तिथे हात घालणं मला पटलं नाही.

दुसरी बाजू सीटची. आम्ही सीटवर २५ मिमी जाडीचा घट्ट निओप्रीन फोम चिकटवला. रेस गाड्यांवर असतो तसाच, बसल्यावर दबत नाही असा. मागच्या टोकाला तो थोडा पातळ केला, म्हणजे सरळ रस्त्यावर बूड मागे सरकवायला जागा राहील. त्याच्या पायाच्या मापाने हिशोब केला तर एवढ्याने गुडघ्याचा कोन जेमतेम तीन-चार अंशांनी उघडतो. कागदावर हे काहीच वाटत नाही. पण मांडी टाकीच्या कडेवरून खोबणीत उतरली, आणि टाकीच्या दोन्ही बाजूंना रबरी ग्रिप पॅड लावल्यावर पहिल्यांदाच त्याला पायांनी गाडी धरता आली. रायडर २५ मिमी वर गेला म्हणजे एकूण गुरुत्वमध्य सेंटीमीटरभरही वर जात नाही. एवढी किंमत द्यायला हरकत नव्हती.

पुढच्या सेशनला तो मनगटांबद्दल काही बोललाच नाही. मी विचारल्यावर म्हणाला, "हात? हां, हात बरे आहेत." बरं झालेलं दुखणं लोक लगेच विसरतात. तक्रार राहिली ती गाडी लाइन सोडते याची.

ही सस्पेन्शनची गोष्ट. मागे सस्पेन्शनचा प्रवास, म्हणजे चाकाला वर-खाली व्हायची जागा, १३० मिमीची, पुढे ४१ मिमीच्या उलट्या फोर्कचा १२० मिमीचा. दोन्हीकडे प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, बदलता येतं. रायडर पूर्ण गिअरमध्ये बसल्यावर मागची बाजू किती खाली बसते त्याला सॅग म्हणतात. ट्रॅकसाठी मागे ३० ते ३५ मिमीच्या आसपास चालतं. मोजायला तीन माणसं लागतात: एक बसणारा, एक गाडी तोलून धरणारा आणि एक टेप घेऊन ॲक्सलपासून शेपटीवरच्या खुणेपर्यंत माप घेणारा. पुढे फोर्कच्या नळीवर झिपटाय बांधला की काम सोपं होतं. चाक हवेत असताना एक माप, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना दुसरं, रायडरसह तिसरं. अर्ध्या तासाचं काम आहे. एक्झॉस्टवर पैसे घालणाऱ्यांपैकी फार थोडे ते करतात, हे मात्र मला कळत नाही.

कंपनीच्या सेटिंगवर माझं माप जवळपास बरोबर आलं. त्याचं प्रवासाच्या एक-तृतीयांशाच्या पलीकडे गेलं. यात गाडीचा दोष नाही. कुठलाही कारखाना स्प्रिंग निवडतो ती मधल्या माणसासाठी, आणि हा माणूस मधला नव्हे.

मागची बाजू खाली बसली की गाडीचं नाक वर होतं. स्टिअरिंगचा कोन सैल पडतो, पुढच्या टायरवरचा भार कमी होतो. त्यात कॉर्नरच्या मध्यावर थ्रॉटल दिला की मागची बाजू आणखी दबते आणि गाडी बाहेरच्या कडेकडे सरकू लागते. वर ४३ अंश लीनला सस्पेन्शनवरचा भार सरळ उभ्या गाडीच्या १.३७ पट होतो. २८३ किलोची गाडी तिथे ३८८ किलोसारखी दाबते. मी बसलो की हाच आकडा ३३६. स्प्रिंग तीच, ५२ किलोंचा फरक. "टायर सोडतोय" असं जे त्याला वाटत होतं तो बिचारा टायर वेळेपूर्वी हलका पडत होता, एवढंच.

पान्याने मागचं प्रीलोड चढवत नेलं तेव्हा रायडरसह सॅग हव्या त्या मापात आलं आणि गाडी ताबडतोब सुधारली. लाइन सुटणं निम्म्यावर आलं. तो खूश झाला, म्हणाला झालं काम. पण दुसरं माप बोलत होतं. रायडर उतरवून गाडी तिच्या स्वतःच्या वजनावर उभी केली तर ती जवळजवळ बसतच नव्हती. तिथे ५ ते १० मिमी तरी हवेत. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. प्रीलोड चढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. ती कुठून सुरू होणार ते फक्त बदलतं, दर मिलिमीटरला किती जोर लागणार ते तेच राहतं. रायडरसह माप बरोबर आणि रायडरविना शून्याजवळ, याचा अर्थ स्प्रिंग या माणसासाठी मऊ आहे. त्याचा परिणामही दिसत होता. कडक ब्रेक मारताना मागची बाजू उचलली जायची आणि शॉक (मागचा शॉक ॲब्सॉर्बर) पूर्ण उघडून वरच्या टोकाला आदळायचा. कॉर्नरमध्ये शिरताना मागचं चाक टपटपायचं.

तो दिवस तसाच काढला. नंतर पुण्यात एका सस्पेन्शनवाल्याकडून मागे जास्त कडक स्प्रिंग बसवली. त्याने सुरुवातीलाच सांगितलं की फक्त मागे केलंत तर पुढचं रडेल, आणि तसंच होतं. मागची बाजू उंच राहिली की ब्रेकमध्ये जास्त भार पुढे जातो. मग फोर्कच्या स्प्रिंगही बदलल्या, ऑइलची पातळी नव्याने लावली. कडक स्प्रिंगला रिबाउंड डॅम्पिंगही, म्हणजे दबलेली स्प्रिंग उघडताना तिला आवरणारा रोधही, जास्त लागतं, नाहीतर शॉक उसळतो. स्प्रिंगच्या एका पायरीपर्यंत मूळचं डॅम्पिंग सांभाळून घेतं. त्याच्यापुढे गेलात तर शॉक उघडून आतले व्हॉल्व्ह बदलावे लागतात किंवा दुसरा शॉक घ्यावा लागतो. आम्ही एका पायरीवर थांबलो.

यानंतर करीवर परत गेलो तेव्हाची गाडी मी मुद्दाम आधी चालवली. माझ्याखाली ती आता वाईट होती. पुढून ताठ, खड्ड्यावर उडणारी, वळायला तुटक. मला दोनच लॅपमध्ये उतरावंसं वाटलं. तो बसला आणि पहिल्यांदाच डाव्या-उजव्या कॉर्नरची जोडी एका दमात घेऊन गेला. पिट वॉलवरून दिसणारा फरक कंबरेचा होता. बूड सीटच्या कडेला, बाहेरची मांडी टाकीत रुतलेली, आतला हात सैल. घासणारा बूट घासेनासा झाला. ४३ अंशांच्या हिशोबातला त्याचा तो सव्वा अंश बहुधा आता त्याला मिळत असावा.

एक गोष्ट त्याला वेगळी शिकावी लागली. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर जाताना हलका रायडर अंग उशिरा हलवतो तरी निभावतं. १०८ किलो उशिरा हलले तर गाडीला धक्का बसतो आणि ती डुलते. म्हणून त्याने पायांवर जोर देऊन, सीटवरून अंग नखभर उचलून, कॉर्नरच्या बराच आधी सरकायचं. हे मांड्यांचं काम आहे, आणि मांड्या चौथ्या सेशनपर्यंत टिकायला त्याला घरी बैठका माराव्या लागल्या. तालमीत त्याचं बालपण गेलेलं, त्यामुळे याची तक्रार मात्र त्याने केली नाही.

ब्रेकबद्दल सांगायचं तर पुढे ३२० मिमीची डिस्क आणि चार पिस्टनचा रेडियल कॅलिपर आहे. पकड भरपूर. पण ताशी १४० वरून ७० वर यायचं तर माझ्यासह गाडीने १३९ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत घालवायची, त्याच्यासह १६०. दर लॅपला, प्रत्येक मोठ्या ब्रेकिंगला. पॅड लवकर संपतात आणि ब्रेक फ्लुइडला जास्त सोसावं लागतं. डॉट ४ फ्लुइड नवं असताना किमान २३० अंश सेल्सियसला उकळतं. हवेतली ओल शोषून जुनं झालं की हाच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीने ऑक्टोबरात ट्रॅकवर जाणाऱ्याने आधी फ्लुइड बदलावं, आणि वजनदार रायडरने तर नक्कीच. टायरचं तेच. गरम टायरचा दाब सेशन संपताच पिटमध्ये मोजायचा. त्याच्या वजनाने मागचा टायर माझ्यापेक्षा जास्त तापतो, त्यामुळे माझ्या दाबाचे आकडे त्याला उपयोगाचे नाहीत.

सूटचं प्रकरण छोटं पण खर्चिक. तयार मापातला सूट छातीला बसला तर पाठीत आखूड, लांबीला बसला तर पोटावर ढगळ. त्याने शेवटी माप देऊन शिवून घेतला. उभं राहून माप देऊ नये, गाडीवर वाकून बसल्यासारखं बसून द्यावं. उभं राहिल्यावर असा सूट माणसाला कुबड काढल्यासारखा ओढतो, तेव्हाच तो बरोबर समजायचा. कोइमतूरच्या उन्हात मोठ्या देहाला सूटमध्ये जास्त घाम येतो. प्रत्येक सेशननंतर मीठ-साखरेचं पाणी आणि सूट कंबरेपर्यंत उतरवून सावलीत बसणं, हे त्याच्या सेटिंगचाच भाग झालं.

काही गोष्टी सुटल्या नाहीत. सरळ रस्त्यावर पूर्ण वाकून बसलं तरी त्याचं हेल्मेट गाडीच्या पुढच्या काचेच्या वर राहतं आणि कोपर गुडघ्यांना टेकतात. उंच, फुगीर काच लावली, थोडा फरक पडला, पण सीट २५ मिमी वर नेल्यामुळे त्यातला काही आम्हीच खाल्ला होता. करीवर याचं फार बिघडत नाही. चेन्नईला किंवा बुद्धला हवेचा हा रोध त्याला हलक्या-बुटक्या रायडरांपेक्षा मागे ठेवेल, आणि त्यावर स्प्रिंगचा किंवा फोमचा काही उपाय नाही.

यावर लिटर-बाइकवाल्यांचं म्हणणं पुन्हा येतं, म्हणून तेही सांगून टाकतो. मोठं इंजिन म्हणजे मोठी जागा असं नाही. लिटर-क्लासच्या सुपरबाइकची सीट ८३० ते ८६० मिमीच्या घरात असते खरी, पण पेगही तितकेच वर आणि मागे गेलेले असतात. १९२ सेंटीमीटर उंचीचा रायडर लोरिस बाझ २०१५ ते २०१७ या काळात मोटोजीपी या जागतिक शर्यतींच्या सर्वोच्च गटात चालवत होता, त्याच्यासाठी गाडी त्याच्या मापाने लावणारं पथक होतं. शोरूममधून घेतलेल्या गाडीला ते पथक मिळत नाही. २०० पीएस हाताशी असताना टाकी पायांनी धरता येत नसेल तर ती अवस्था ४७ पीएसपेक्षा कितीतरी भीतीदायक.

वजनाचा विचार रेसिंगवाले करतात, पण उलट्या दिशेने. वर्ल्ड सुपरबाइक या स्पर्धेने २०२४ मध्ये गिअरसह ८० किलोचा रायडर प्रमाण धरला, आणि त्याहून हलक्या रायडरच्या गाडीवर फरकाच्या निम्मं वजन बांधायचा नियम केला. किरकोळ अंगाच्या अल्वारो बाउतिस्ता या तिथल्या रायडरला त्यामुळे जादा ओझं घेऊन पळावं लागलं. आमच्या फलटणकराला हे सांगितलं तेव्हा त्याला मनापासून आनंद झाला. मग त्याने विचारलं की ८० च्या वरच्यांच्या गाडीतून काही किलो काढून देतात का. देत नाहीत.

सध्या त्याच्या गाडीवर कडक स्प्रिंग, फोमची सीट, ग्रिप पॅड आणि उंच काच आहे. इंजिनाला हात लागलेला नाही. सस्पेन्शनवाल्याचं मत आहे की मागचा शॉक उघडून रिबाउंड थोडा वाढवावा, कारण ब्रेकमध्ये ती बाजू अजून किंचित लवकर उठते. फलटणकराचं मत आहे की त्याआधी क्लच न दाबता गिअर बदलू देणारा क्विकशिफ्टर हवा. मूळचे स्प्रिंग मी मागून घेऊन ठेवलेत, कारण ही गाडी विकायची वेळ आली तर घेणारा बहुतेक माझ्या अंगाचा असेल.